चकाचक बाटल्या

बाटली धुणं ही एक कला आहे, असं तिच्या नवऱ्याचं ठाम मत होतं, आणि ते मत बाळ झाल्यावरच तयार झालं होतं. त्याआधी त्याने घरात स्वतःचा चहाचा कप विसळलेलाही कुणाच्या पाहण्यात नव्हता. पण मुलगी घाई करून, वेळेच्या बऱ्याच आधी आली. तिला थेट काचेच्या पेटीत ठेवलं, आणि त्या पेटीशी उभं राहून डोळे पुसण्यापलीकडे बापाने काय करायचं, ते कुणी सांगेना. शेवटी एका नर्सला त्याची दया आली असावी. तिने दूध काढायच्या यंत्राच्या बाटल्या, नळ्या आणि झाकणं त्याच्या हातात दिली आणि बेसिनकडे बोट दाखवलं.

त्या बोटाने माणूस मार्गी लागला. गरम पाणी, साबण, ब्रश, पुन्हा गरम पाणी. मग बाटली दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून बघायचं. कुठे पुसटसा डाग दिसला की परत पहिल्यापासून.

"बघ," तो तिला म्हणायचा, "आरपार दिसतंय."

"दिसणारच," ती म्हणायची. "आत काही असेल तर आडवं येईल ना."

खरं म्हणजे आत अगदीच काही नसायचं असं नव्हतं. दुधाच्या खोलीत ती यंत्र लावून बसायची. यंत्र घुंई-खट्, घुंई-खट् करत राहायचं. ती डोळे मिटायची, उघडायची, बाटलीत डोकवायची, पुन्हा मिटायची. शेवटी बघावं तर तळाला पिवळट, चिकट काहीतरी माखलेलं असायचं. जणू कुणी मधाचं बोट आत फिरवून पळून गेलं होतं. ते पाहिलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. बाटली कुणाला दिसायच्या आत ती नवऱ्याकडे द्यायची आणि म्हणायची, "धू."

आणि तो धुवायचा. जीव ओतून धुवायचा.

लपवण्याचं कारण शेजारच्या खुर्चीत बसायचं. ती बाई यांच्यासारखीच परदेशी, पण दुसऱ्याच कुठल्या देशातून आलेली होती, तिची भाषा इथे कुणालाच येत नव्हती, आणि तिचं बाळ बरेच दिवस इथे मुक्कामाला होतं. ती यायची, ऐसपैस बसायची, यंत्र लावायची आणि चक्क डुलकी काढायची. उठायची तेव्हा दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'घागर' ठेवलं होतं.

"बघ, कशी निवांत बसते," सासूबाई कानात सांगायच्या. "तू यंत्राकडे अशी बघतेस, जसं काही ते तुझी तोंडी परीक्षा घेतंय."

सासूबाई सुनेच्या बाळंतपणाची बातमी कळताच मिळेल त्या विमानाने येऊन थडकल्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं नेहमीप्रमाणे चुकीच्या वेळी बरोबर असायचं. ती होतीच तशी. शाळेपासून पहिल्या नंबराची. एखाद्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच येत असेल तर ते लिहून दोन मार्क घेण्यापेक्षा प्रश्न कोरा सोडणारी. मुलीला पूर्ण दिवस पोटात ठेवता आलं नाही, हा पेपर आपण घालवलाच आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. आता निदान दुधाचा तरी नीट द्यायचा. त्यात तळाला लागलेलं हे फडक्याने पुसण्याइतकं काहीतरी नर्सच्या हातात द्यायचं? आणि तेही घागरीच्या शेजारी उभं राहून?

नर्स दर वेळी आपुलकीने विचारायची, दूध आलं का? आणि ती दर वेळी प्रामाणिकपणे मान हलवायची. नाही. दूध म्हणजे पांढरं. दूध म्हणजे बाटलीत हलवलं तर हलेल इतकं. इथली भाषा तिला वाचायला झकास यायची, ऑफिसात तिच्या पत्रांचं कौतुक व्हायचं. पण या वॉर्डात माणसं भरभर बोलायची, पेट्या मधूनच पीं पीं करायच्या, आणि काळजीने तिचे कान बंद व्हायचे. मग समोरचा काहीही म्हणाला तरी ती आधी 'हो, हो' म्हणून टाकायची आणि नंतर नवऱ्याला विचारायची, "काय म्हणाले?" तो म्हणायचा, "मला वाटलं तुला कळलं."

त्या दिवशी सकाळी मात्र डॉक्टर सावकाश बोलले आणि शब्दन् शब्द कळला. संध्याकाळपासून मुलीला नळीने दूध सुरू करायचं. आईचं मिळालं तर फारच छान, इतक्या लहान पोटाला तेच सोसतं. नाहीच आलं, तर दुसरी सोय आहे, डब्यातलं देऊ. काही हरकत नाही.

ते 'काही हरकत नाही' तिला फार लागलं. आपल्याला हरकत आहे, चांगली मोठी हरकत आहे, हे तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, "हो, हो."

दुपारी बाहेरदेशांतून आलेल्या आयांचा वर्ग होता. वर्ग म्हणजे ती दुधाचीच खोली, खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नवरा नि सासूबाई. शिकवणाऱ्या बाई एक भलीमोठी पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून त्यांनी एक बाहुली काढली आणि तिच्यामागोमाग लोकरीने विणलेला, गुबगुबीत, मधोमध गुलाबी टोक असलेला एक स्तन.

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या.

"टोपी आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, टोपी नाही," ती म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "अगं बाई! आणि वीण किती एकसारखी आहे!"

तेव्हापासून शिकवणाऱ्या बाई आमच्या घरात 'लोकरबाई' झाल्या, असं पुढे सासूबाई सगळ्यांना सांगत. 'आमच्या घरात' म्हणजे ते तिघं, आणि पेटीतली चौथी.

लोकरबाईंनी प्रत्येकीला तिच्या भाषेचा दुभाषी फोनवर जोडून दिला होता. यांच्या फोनचा स्पीकर लावला तर पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. पुरुषाचा. वयस्कर.

"नमस्कार. या कामाच्या ताई आज रजेवर आहेत. मी मुख्यतः कोर्टात दुभाष्याचं काम करतो. प्रकरण काय आहे?"

"बाळाला पाजायचं आहे," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडे पुन्हा खाकरणं. "ठीक आहे. मला काका म्हणा. सुरू करा."

नवऱ्याने एवढं ऐकलं आणि हळूच उठला. यंत्रावरून नुकतीच काढलेली बाटली त्याच्या हातात होतीच. "मी हे आवरून येतो," असं पुटपुटत तो सटकला. लोकरी वस्तूकडे पाठ करायला त्याला इतकं छान निमित्त दुसरं मिळालं नसतं.

लोकरबाईंनी लोकरीचा स्तन छातीशी धरला, बाहुली आडवी घेतली आणि काहीतरी लांबलचक सांगितलं. काकांनी भाषांतर केलं:

"प्रशिक्षिका असं नमूद करतात की, मातेने सदर... अं... सदर ठिकाणी, दोन्ही बाजूंनी, नियमितपणे... कार्यवाही करावी."

"कुठल्या ठिकाणी?" सासूबाई.

"उपरोक्त."

"भाऊ, वर तुम्ही काही बोललाच नाहीत."

"बाई, समजून घ्यावं."

"अहो, समजून घ्यायलाच तर फोन लावलाय!"

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी पोटाच्या टाक्यांत कळ आली, म्हणून तिने ते हसू दाताखाली धरलं. घागर समोरच्या खुर्चीतून या तिघांकडे, म्हणजे दोन बायकांकडे आणि एका फोनकडे, मोठ्या कुतूहलाने बघत होती. तिच्या दुभाष्याचा फोन मघाशीच कट झाला होता, आणि तिचं त्यावाचून काही अडल्याचं दिसत नव्हतं.

लोकरबाईंनी आता एक छोटी, बिनसुईची पिचकारी वर धरली. बोटाच्या पेरापेक्षा बारीक. आणि तिच्यात पिवळट, चिकट असं काहीतरी होतं.

ती सावरून बसली.

"त्या सांगतात," काका म्हणाले, "की सुरुवातीचा स्राव हा पांढरा नसतो. पिवळा असतो. दाट, चिकट असतो. प्रमाण अत्यल्प. परंतु अपुऱ्या दिवसांच्या अपत्यास तो औषधासमान असून, त्याचा एकही थेंब... थांबा, त्या हे दोनदा म्हणाल्या, म्हणून मीही दोनदा म्हणतो. एकही थेंब, एकही थेंब वाया घालवू नये. बाटलीला नुसता लागलेला असला तरी नर्सकडे आणून द्यावा. त्या पुसून घेतील."

"म्हणजे चीक!" सासूबाई म्हणाल्या. "एवढं 'स्राव' नि 'प्रमाण' कशाला हवं? चीक म्हणा की. आम्हाला ठाऊक आहे."

ती सासूबाईंकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! तीन पोरं वाढवली मी."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"मला दाखवलंस कधी? मी बघते तेव्हा बाटली आरशासारखी! मी म्हटलं, बाई अजून कोरडी आहे, उगाच बोलून दुखवायला नको. एकदा आयुष्यात तोंड मिटून बसले, तर तेही अंगाशी आलं."

तिच्या डोळ्यांसमोरून एकेक बाटली जात होती. तळाला मधाचं बोट, आणि वरून गरम पाण्याची धार. आणि मग तिला आठवलं.

"आई! आत्ताची बाटली!"

"कुठेय?"

"त्याच्या हातात!"

ती उठायला गेली आणि टाक्यांनी तिला परत खाली बसवलं. सासूबाई मात्र उठल्या. गुडघे दुखतात म्हणून विमानतळावर चाकाची खुर्ची मागवलेल्या त्या सासूबाई, हातात चालू फोन घेऊन कॉरिडॉरमधून अशा निघाल्या की एका वॉर्डबॉयने ढकलगाडी भिंतीला चिकटवली.

"थांब रे! धुऊ नकोस! हात लावू नकोस!"

"काय झालं?" फोनमधून काका ओरडत होते. "कोण पळालं? बाई, मी या प्रकरणात साक्षीदार नाही, लक्षात ठेवा!"

मागोमाग लोकरबाई. त्यांना भाषा कळली नव्हती, पण पळणारी आजी ही सगळ्या भाषांत सारखीच असते. गडबडीत लोकरीचा स्तन त्यांच्या काखेतच राहिला होता.

बेसिनशी नवरा बाटली दिव्यासमोर धरून उभा होता. एक डोळा मिटलेला. चेहऱ्यावर समाधान.

"बघ आई," तो म्हणाला, "कशी चकाचक झालीय!"

परतीची वरात हळू होती. नवरा सगळ्यांत मागे. त्याला एव्हाना कळलं होतं. तो आत आला, बाटली मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "रोजचं सगळं मी... मला वाटलं, ते डाग आहेत."

"मीच तुला 'धू' म्हटलं," ती म्हणाली. त्याच्यावर ओरडायची तिची सगळी तयारी झालेली होती. तोंडही उघडलं होतं. आणि आतून भलतंच बाहेर आलं. "मला लाज वाटली रे. एवढंसं काय द्यायचं म्हणून." आणि तिला रडू फुटलं. रडू हसण्याइतकंच टाक्यांत दुखतं, हे तिला नव्याने कळलं.

संध्याकाळ व्हायला फार वेळ राहिला नव्हता. यंत्र आता परत लावलं तरी उपयोग नाही, नुकतंच तर झालंय, असं तिला वाटत होतं. लोकरबाईंनी मात्र यंत्राकडे बघितलंही नाही. त्यांनी पडदा ओढला, हात धुतले, तिलाही धुवायला लावले आणि फोन जवळ ओढला. चिकट दुधाला हात चांगला, त्या म्हणाल्या. यंत्राच्या नळीत ते नुसतं चिकटून बसतं. मी सांगते तसं करायचं.

"त्या सांगतात," काकांनी सुरुवात केली आणि थांबले. "त्या सांगतात की मातेने स्वतःच्या हस्ते... अं... अंगठा हा सदर..."

"भाऊ," सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला मुलंबाळं?"

"दोन मुली. धाकटी गेल्या वर्षी बाळंत झाली. माझ्यापासून लांब असते."

"मग ही तुमची धाकटी आहे असं समजा, आणि कोर्ट जरा बाहेर ठेवा. वेळ नाही आपल्याला."

मग फोनमधून आवाज आला तो वेगळाच होता.

"बरं. हे बघ बाळ, घाबरायचं नाही. हात गरम आहेत ना तुझे? अंगठा वर ठेव, बाकीची बोटं खाली. टोकाला हात लावायचा नाही, त्याच्यापासून थोडं मागे. गोल काळसर भाग आहे ना, त्याच्या कडेला. ठेवलास? आता आधी मागे छातीकडे दाब, मग बोटं एकमेकांकडे आण, मग सोड. ओढायचं नाही. घसटायचं नाही. दुखलं तर समज चुकतंय."

ती करत राहिली. दाब, आण, सोड. काही होईना. पडद्याबाहेर नवऱ्याच्या बुटांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सासूबाई लोकरीच्या स्तनावर प्रात्यक्षिक करून दाखवत होत्या आणि इतक्या जोरात, की लोकरबाईंनी तो हळूच काढून घेतला.

"काही येत नाहीये," ती म्हणाली.

"त्या म्हणतात, जागा थोडी बदल. आणि श्वास सोड. तू श्वास धरून बसलीयस, त्यांना दिसतंय." काका जरा घुटमळले. "आणि हे त्यांचं नाही, माझं आहे. माझ्या धाकटीलाही वाटायचं, आपल्याला जमणारच नाही. तेव्हा मी फोनवर हवापाण्याचं बोलत बसलो. मला हे काही माहीतच नव्हतं."

पडद्याची कड सरकली आणि घागरीचं डोकं आत आलं. कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ येऊन समोर बसली, स्वतःच्या भरल्या बाटलीकडे बोट दाखवलं, मान जोरजोरात हलवली, नाही, नाही, आणि करंगळीचं नख वर करून त्याच्या टोकावर दुसऱ्या हाताचं बोट टेकवलं. सुरुवातीला एवढंच. मग डोळ्यांतून पाणी वाहत असल्याची खूण केली, दोन्ही गालांवर, भराभर. आणि मग हसली.

ती बघतच राहिली. घागर रडली होती! म्हणजे जिच्याकडे ती एवढे दिवस हेव्याने बघत होती, तीही याच खुर्चीत कोरडी बसली होती. तिला हसू आलं. टाके दुखले, तरी या वेळी तिने ते दाबलं नाही.

आणि बोटांखाली काहीतरी चमकलं.

"आलं!" सासूबाई ओरडल्या.

"आलं?" फोनमधून काका.

"काय आलं?" पडद्याबाहेरून नवरा.

"तू आत ये आधी! पिचकारी धर!"

नवरा आत आला. त्याच्या हातात पिचकारी दिली तर ती कुठे नि कशी धरायची ते त्याला कळेना. घागरीने त्याचं मनगट धरलं, जसं लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात तसं, आणि पिचकारीचं तोंड थेंबाशी नेलं. थेंब आत ओढला गेला. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही. मग तिसरा, चांगला टपोरा.

"एवढंच?" ती सवयीने म्हणाली.

लोकरबाईंनी उत्तर दिलं आणि काकांनी ते अगदी सावकाश सांगितलं. "त्या म्हणतात, तिचं पोट वाटाण्याएवढं आहे. तिला आत्ता एवढंच लागतं. तू तिच्या मापाचंच केलंयस."

मग काका म्हणाले, "बरं, मी ठेवतो. मला जरा एक फोन करायचाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

पिचकारी पेटीपर्यंत न्यायचं काम नवऱ्याने मागून घेतलं. दोन्ही हातांत धरून, पावलापुढे पाऊल टाकत तो चालला. पुढे सासूबाई, "सरका, सरका, बाजूला व्हा," करत. भाषा कळली नाही तरी लोक सरकले. मागे चाकाच्या खुर्चीत ती, आणि खुर्ची ढकलणारी घागर.

नर्सने पिचकारी दिव्याकडे धरली आणि भुवया उंचावल्या. मग कापसाचा बोळा लावलेली बारीक काडी घेतली, टोक त्यात भिजवलं, आणि पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला. बाकीचं नळीतून जाईल, ती म्हणाली, पण आधी चव कळू दे.

मुलगी झोपली होती. डोक्यावर टोपी, नाकात नळी, सगळा देह पंजात मावेल एवढा. काडी ओठांना लागली तसं तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"आवडलं नाही तिला," ती घाबरून म्हणाली.

"तुझ्यावर गेलीय," सासूबाई म्हणाल्या. "आधी नाक मुरडायचं, मग विचार करायचा."

मुलीने विचार केला. जिभेचं गुलाबी टोक बाहेर आलं, आत गेलं. पुन्हा आलं. आणि मग ते इवलंसं तोंड काडीवर मिटलं. नर्सने काडी हलकेच मागे ओढली. काडी येईना. नर्स हसली, पुन्हा ओढून बघितली. गालाला खळी पडली, हनुवटी वरखाली झाली, पण पकड सुटेना.

"आजीवर गेलीय," नवरा म्हणाला, आणि सासूबाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

काचेला कपाळ टेकवून ती बघत होती. छातीत कुठेतरी मुंग्या आल्यासारखं झालं, टोचल्यासारखं, गरम. तिने खाली पाहिलं. गाउनवर एक ओला डाग पडला होता आणि तिच्या डोळ्यांदेखत पसरत होता. मग दुसऱ्या बाजूलाही.

"अगं!" सासूबाईंचा आवाज चढला. "अगं, यायला लागलं! चल, चल खोलीत! एकही थेंब म्हणाल्यात त्या, दोनदा म्हणाल्यात!"

नवरा बाटलीसाठी इकडेतिकडे धावला. घागरीने खुर्चीची दांडी धरलीसुद्धा. ती मात्र काचेपासून हलली नाही.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "आधी तिचं होऊ दे."